डिप्लिटेड युरेनियमला घाबरावं, पण नीट घाबरावं

मार्च २०२३ मध्ये ब्रिटनने युक्रेनला चॅलेंजर-२ रणगाड्यांबरोबर डिप्लिटेड युरेनियमचे गोळे देणार असं जाहीर केलं, सप्टेंबरमध्ये अमेरिकेनेही अब्राम्स रणगाड्यांसाठी तेच केलं, आणि तेव्हापासून हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच रेकॉर्ड वाजतात. पहिली म्हणजे हा छुपा अणुबॉम्बच आहे, जिथे पडेल तिथे सात पिढ्या गवत उगवणार नाही. दुसरी म्हणजे अहो केळ्यातपण रेडिएशन असतं, उगाच काय घाबरता, विज्ञान शिका जरा. आमच्या चेंबूर-देवनार पट्ट्यात प्रत्येकाचा कोणी ना कोणी काका नाहीतर शेजारी बीएआरसीतून (भाभा अणुसंशोधन केंद्रातून) रिटायर झालेला असतो, त्यामुळे इथे दुसऱ्या रेकॉर्डचा आवाज जरा मोठा. टीव्हीवर पहिलीचा. आणि दोन्हीकडचे लोक इतक्या ठामपणे बोलतात की मधे कोणी "पण किती? कुठे? कोणत्या रूपात?" असं विचारलं तर तो माणूस दोघांनाही आपला शत्रू वाटतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डीयू (पुढे एवढंच म्हणतो, लांबलचक नाव सारखं टाइप करायचा कंटाळा) कारखान्यात, हॉस्पिटलात, रिॲक्टरमध्ये वापरायला माझी काहीही हरकत नाही, उलट तिथे ते माणसं वाचवतं. पण बंदुकीतून आणि रणगाड्यातून ते दुसऱ्याच्या जमिनीवर उडवायला माझा विरोध आहे, आणि त्या विरोधाला अणुबॉम्बच्या भीतीची अजिबात गरज नाही. ज्या वस्तूचा इतर सगळीकडे किलोकिलोचा हिशोब ठेवावा लागतो ती युद्धात टनाटनाने शेतात सांडायची आणि वर पत्ता पण सांगायचा नाही, एवढं एकच कारण मला पुरतं.

आधी वस्तू काय आहे ते बघू. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये यू-२३५ (रिॲक्टरला आणि बॉम्बला लागतो तो प्रकार) असतं जेमतेम ०.७२ टक्के, बाकी जवळपास सगळं यू-२३८. रिॲक्टरसाठी नाहीतर बॉम्बसाठी २३५ चं प्रमाण वाढवायचं म्हटलं की एका बाजूला २३५ जास्त असलेला माल निघतो आणि दुसऱ्या बाजूला ज्यातलं २३५ काढून घेतलंय असा भरपूर माल उरतो, त्यात साधारण ०.२ ते ०.३ टक्के. तो उरलेला माल म्हणजे डीयू. नैसर्गिक युरेनियमच्या मानाने त्याची रेडिओॲक्टिव्हिटी साधारण ६० टक्के. यू-२३८ ची हाफ लाइफ (निम्मं झिजायला लागणारा वेळ) साडेचार अब्ज वर्षं, आणि हा आकडा ऐकून लोक दचकतात, "म्हणजे साडेचार अब्ज वर्षं धोका!" पण गणित उलटं आहे, जे इतकं सावकाश झिजतं ते दर सेकंदाला कमीच रेडिएशन सोडतं. त्यातून निघणारे अल्फा कण कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात अडकतात. बॉम्ब तर यातून होतच नाही. मग एवढी मागणी का? कारण वजन. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीत मावेल एवढं डीयू उचलायला गेलात तर ते एकोणीस किलो भरेल. शिसं तेवढ्याच जागेत अकरा-साडेअकरा किलो.

हे वजन माझ्या ओळखीचं आहे. इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत मी बरीच वर्षं काढली, म्हणजे पाइपलाइनच्या वेल्डचे एक्स-रे काढतात तसलं काम, फक्त एक्स-रे मशीनच्या जागी इरिडियम-१९२ चा चिमटीत मावणारा रेडिओॲक्टिव्ह सोर्स. तो ज्या डब्यात असतो त्याला आम्ही कॅमेरा म्हणतो. वर मूठ, पुढून गाइड ट्यूब, मागून क्रँकची केबल, नवीन पोराला वाटतं टिफिनच आहे, मग उचलायला जातो आणि कंबर धरून उभा राहतो. डबा वीस-पंचवीस किलोचा आणि त्यातलं पंधराएक किलो नुसतं डीयू, कारण इरिडियमचा गॅमा अर्ध्यावर आणायला शिशाचे पाचेक मिलिमीटर लागतात तिथे डीयूचे तीनसुद्धा लागत नाहीत. शिशात केला असता तर तो कॅमेरा खांद्यावर घेऊन रिफायनरीच्या पाइप रॅकवर रात्री दोन वाजता कोणी चढलं असतं का? एकदा सोर्स काढलेला रिकामा कॅमेरा स्टोअरमध्ये आला तेव्हा मानखुर्दचा एक नवा हेल्पर सर्व्हे मीटर (रेडिएशन मोजायचं यंत्र) जवळ नेऊन मला म्हणाला, "साहेब, रिकामा म्हणताय ना, मग काटा का हलतोय?" शाबासच म्हटलं त्याला. काटा हलत होता तो शील्डिंगमुळे, म्हणजे रेडिएशनपासून वाचवणारी भिंतच थोडी रेडिओॲक्टिव्ह. म्हणून तर रिकाम्या कॅमेऱ्याचीही नोंद ठेवावी लागते, त्याच्यावर लेबल लागतं, तो इकडून तिकडे न्यायचा तर कागद लागतात, भंगारात देता येत नाही. त्या पोराला दोन वाक्यांत जे कळलं ते टीव्हीवरच्या तासाभराच्या डिबेटमध्ये सहा जणांना मिळून कळत नाही.

भंगारावरून आठवलं. डिसेंबर २०१६ मध्ये ठाण्यात पोलिसांनी दोघांकडून जवळपास नऊ किलो डीयू पकडलं आणि बातमी आली किंमत २४ कोटी. मे २०२१ मध्ये एटीएसने मुंबईत सात किलो नैसर्गिक युरेनियम पकडलं, किंमत २१ कोटी. कुठून येतात हे कोटी? तेव्हा जागतिक बाजारात युरेनियमचा जो भाव चालू होता त्याने सात किलोचा कच्चा माल पन्नास हजाराच्याही आत बसतो, धातू करायचा खर्च धरून दुप्पट-तिप्पट करा पाहिजे तर. डीयूला तर त्याहून कमी, ज्या देशांत त्याचे ढीग पडलेत ते सांभाळायलाच पैसे मोजतात. पण "कोटी" आणि "युरेनियम" एका ओळीत आले की कुठल्यातरी गल्लीतल्या माणसाला वाटतं आपल्या हाती घबाड लागलं, आणि तो ते घरात, कपाटात, पोराबाळांच्या खोलीत ठेवून गिऱ्हाईक शोधत फिरतो. भीती आणि हाव दोन्ही एकाच अज्ञानावर पोसल्या जातात. आणि खरा जीवघेणा प्रकार कसा असतो ते २०१० ला दिल्लीच्या मायापुरीत दिसलं, विद्यापीठाचं जुनं गॅमा मशीन लिलावात भंगारवाल्याकडे गेलं, आतला कोबाल्ट-६० कापला गेला, लोक आजारी पडले, एकाचा जीव गेला. तेच त्यांनी डीयूचा ठोकळा कापला असता तर ठिणग्या उडाल्या असत्या, धूळ छातीत गेली असती, वाईटच, पण आठवड्याभरात केस गळून हॉस्पिटलात भरती असा प्रकार झाला नसता. दोन्हीला आपण "रेडिएशन" म्हणून एकाच पोत्यात घालतो तिथेच वादाची वाट लागते.

मुंबईने हा वाद याआधीही घातलाय, जुन्या लोकांना आठवेल. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर दूध योजनेसाठी आलेलं आयरिश बटर रेडिओॲक्टिव्ह आहे म्हणून याचिका मुंबई हायकोर्टात गेली, तिथे फेटाळली, मग सुप्रीम कोर्टात. कोर्टाने काय केलं? तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९८८ मध्ये ते बटर खायला सुरक्षित आहे म्हणून प्रकरण निकाली काढलं. याचिका हरली, पण मला ती याचिका मूर्खपणाची कधीच वाटली नाही. त्यांनी विचारलं म्हणून कोणालातरी मोजलेले आकडे कोर्टासमोर ठेवावे लागले, मर्यादा किती आणि सापडलं किती ते बोलावं लागलं. घाबरलेल्या माणसाला "अडाणी" म्हणून हाकलून दिलं असतं तर ते आकडे कोणी बाहेर आणले असते? आजचे आमचे विज्ञाननिष्ठ लोक नेमकं ते हाकलायचंच काम करतात.

तरी त्यांची बाजू पोकळ नाहीये, आणि जी भक्कम आहे ती मी सरळ मान्य करतो. १९९१ च्या आखाती युद्धात आपल्याच बाजूचे गोळे लागून डीयूचे कण अंगात राहिलेल्या अमेरिकन सैनिकांना बाल्टिमोरच्या सरकारी हॉस्पिटलात १९९३ पासून तपासतायत. लघवीत युरेनियम सापडतं, वर्षानुवर्षं सापडतं, पण किडन्या निकामी झाल्या असं चित्र दिसलेलं नाही. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २००१ आणि २००२ मध्ये दोन रिपोर्ट काढले, बहुतेक सैनिकांसाठी कॅन्सरचा वाढीव धोका फार कमी असा निष्कर्ष. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम कोसोवो, सर्बिया, बोस्निया फिरून आला, सगळीकडे जमीन विषारी झाली वगैरे काही सापडलं नाही, जे सापडलं ते गोळा पडला त्याच्या आसपासच्या काही मीटरात. म्हणजे सात पिढ्या गवत उगवणार नाही हे साफ चूक. युद्धाच्या जागी कॅन्सर किंवा जन्मजात व्यंगं वाढली की ती आपोआप डीयूच्या खात्यावर टाकायची हेही चूक, कारण तिथे जळलेलं तेल असतं, स्फोटकं असतात, उपासमार असते, पडलेली हॉस्पिटलं असतात.

इथपर्यंत आलं की आमचे काका पेपर घडी करून ठेवतात, झालं, सिद्ध झालं. काय सिद्ध झालं? बाल्टिमोरच्या त्या गटात आहेत काही डझन धडधाकट तरुण पुरुष, ज्यांना आयुष्यभर फुकट तपासणी मिळते. इराकमधल्या बसऱ्याच्या बाहेर जळक्या रणगाड्यावर चढून खेळणारं आठ वर्षांचं पोर त्या गटात नाही. त्या रणगाड्याचं लोखंड कापून विकणारा भंगारवाला नाही, आणि भंगारवाला म्हणजे काय ते मुंबईच्या दारूखान्यात, जुनी जहाजं तोडतात तिथे, जाऊन या म्हणजे कळेल, मास्क वगैरे सोडाच, तोंडाला रुमाल असला तरी खूप. हा गोळा चिलखतात घुसताना स्वतःला धार लावत जातो आणि पेटतो, त्यातून ऑक्साइडची बारीक धूळ होते, आणि सगळा प्रश्न त्या धुळीचा आहे. बाहेरून निरुपद्रवी असलेला अल्फा कण फुप्फुसाच्या आत बसून सुटला की तिथे कातडीचा मेलेला थर नसतो. शिवाय युरेनियम हा जड धातू आहे, किडनीला विषारी, रेडिएशन शून्य धरलं तरी विषारी. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची जी मर्यादा सुचवलीये ती या रासायनिक विषारीपणावरूनच ठरलीये. पंजाबातल्या बोअरवेलचं पाणी त्यासाठीच तपासतात ना? तिकडे कोणी म्हणत नाही की केळं खा आणि गप्प बसा. २००२ मध्ये उंदरांच्या स्नायूत डीयूचे तुकडे बसवून केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात तुकड्यांभोवती गाठी झाल्या, मोठ्या तुकड्यांच्या बाबतीत जास्तच. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य, पण मग "शंभर टक्के सेफ" हे तरी कशाच्या जोरावर म्हणता? आणि न पेटलेला, जमिनीत रुतलेला तुकडा नुसता हातात धरला तर कातडीला तासाला दोन मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशनच्या डोसचं माप) आसपास डोस मिळतो. पाच मिनिटांनी काही होत नाही. पण पोरं चमकदार जड तुकडा पाच मिनिटं धरून टाकून देतात का हो? ती तो खिशात घालतात, घरी नेतात.

"पुरावा नाही" या शब्दांचा इतिहासही जरा आठवावा. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसं जातात म्हणून ब्रिटनने नियम केले १९३१ मध्ये, आणि सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली १९९९ मध्ये. मधल्या अडुसष्ट वर्षांत कंपन्यांचे डॉक्टर काय बोलत होते? हेच, की ठोस पुरावा नाही, काळजीपूर्वक वापरलं तर सुरक्षित. रोग दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात, तोपर्यंत कामगार गावी गेलेला असतो, रेकॉर्ड हरवलेलं असतं. डीयू हे ॲस्बेस्टॉसइतकं घातक आहे असं मी म्हणत नाहीये, तसे आकडे नाहीत. पण मोजायची संधीच द्यायची नाही आणि मग मोजमाप नाही म्हणून निर्दोष सुटायचं, ही युक्ती तीच आहे.

आणि संधी खरंच दिलेली नाही. १९९१ मध्ये अमेरिकेने आखातात तीनशे टनांच्या आसपास डीयू उडवलं. १९९९ मध्ये कोसोवोत साधारण ३१,००० राउंड. हा कोसोवोचा आकडा तरी कधी कळला? संयुक्त राष्ट्रांनी मागितल्यावर, २००० साली फेब्रुवारीत, आणि नीट नकाशे आले जुलैत, म्हणजे लढाई संपून वर्ष उलटल्यावर. तोपर्यंत लोक परत येऊन शेतं नांगरायला लागले होते. बोस्नियात लढाई १९९५ ला संपली आणि तपासणी पथक पोचलं सात वर्षांनी, तेव्हा एका विहिरीच्या पाण्यात डीयू सापडलं, प्रमाण कमी होतं, पण सापडलं. त्याच पथकांनी सांगितलं की जमिनीत रुतलेले गोळे गंजत जातात, दोन-अडीच वर्षांत दहा-पंधरा टक्के, आणि साधारण २५ ते ३५ वर्षांत पूर्ण गंजून मातीत मिसळतील. हिशोब करा. कोसोवोचे गोळे आत्ता, या दशकात संपतायत. म्हणजे तिथल्या विहिरी तपासायची खरी वेळ ही आहे, आणि नेमकी आता कोणाच्या तोंडी कोसोवोचं नाव नाही. इराकचे तर फायरिंगचे कोऑर्डिनेट्स (गोळे नेमके कुठे उडवले ते नकाशावरचे आकडे) वर्षानुवर्षं बाहेर आले नाहीत. स्वच्छता करता येते, ते काही अशक्य नाही, माँटेनेग्रोने केप अर्झाचा तुकडा माती चाळून साफ केला, पण जागा माहीत होती आणि ती लहान होती म्हणून जमलं.

साध्या नागरी वापरात हिशोब चुकला तर काय होतं तेही बघा. जुन्या मोठ्या विमानांच्या शेपटीत तोल साधायला डीयूची वजनं असायची. ४ ऑक्टोबर १९९२ ला ॲमस्टरडॅमच्या बायल्मर वस्तीवर एल अलचं मालवाहू ७४७ कोसळलं, त्यात २८२ किलो डीयू होतं, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास कधी सापडलंच नाही. बहुधा त्या डीयूने फारसं कोणाचं काही बिघडवलं नसावं. तरी लोक आजारपणाच्या तक्रारी करत राहिले, संशय सहा-सहा वर्षं धुमसत राहिला, शेवटी डच संसदेला चौकशी बसवावी लागली. कारण विमानात काय होतं ते लोकांना पहिल्या दिवशी कोणी सांगितलंच नाही. नेदरलँड्ससारख्या देशात, जिथे संसद चौकशी करते, तिथे ही गत. बसऱ्यात कोण चौकशी करणार?

आता लष्करी बाजू. ही मला सगळ्यात अवघड वाटते, कारण इथे समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. डीयूचा गोळा काम करतो. समोरून रणगाडा येतोय आणि पहिल्या गोळ्यात तो थांबला नाही तर आपली चार पोरं जळून मरणार, अशा वेळी तीस वर्षांनंतरच्या विहिरीचा विचार करा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? युक्रेनच्या माणसाने म्हटलं की माझ्या जमिनीवर मीच उडवतोय, निस्तरीन मी, तर त्याच्याशी भांडायला माझी जीभ वळत नाही. पण हा युक्तिवाद घर वाचवणाऱ्याचा आहे. १९९१ आणि २००३ मध्ये तो गोळा उडवणारे परत आपल्या घरी गेले आणि धूळ दुसऱ्याच्या घरात राहिली. शिवाय पर्याय नाही हेही खरं नाही. आपल्या लष्कराचे चिलखतभेदी गोळे टंगस्टनच्या मिश्रधातूचे असतात, तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात बनतात. टंगस्टन महाग, घडवायला कटकटीचं, अमेरिकेकडे डीयू जवळजवळ फुकट पडलेलं, म्हणून तिकडे डीयू. किंमत हे कारण आहेच की त्यात. मग तसं बोला ना सरळ.

यावर मिळणारं उत्तरही मला माहितीये: टंगस्टन काय दुधाने धुतलेलं आहे? नाही. टंगस्टन-निकेल-कोबाल्टच्या एका मिश्रधातूचे कण उंदरांत बसवले तेव्हा जोरदार कॅन्सर झाले, २००५ चा अभ्यास आहे, अमेरिकेच्या लष्करी संशोधकांचाच. पण ते उघडकीला आलं कसं? कोणीतरी तपासलं म्हणून. आणि निष्कर्ष असा निघतो की टंगस्टनचा पण हिशोब मागा, निकेल-कोबाल्ट बदला. डीयूला सोडून द्या असा निघत नाही.

बेल्जियमने डीयूच्या शस्त्रांवर बंदी घातलीये, २००९ पासून लागू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २००७ पासून यावर ठराव येतायत, बहुमताने पास होतात आणि विरोधात मतं पडतात ती ठरलेली, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल. त्या ठरावांत मागणी तरी केवढी? २०१० चा ठराव तर मुख्यतः इतकंच म्हणतो की ज्यांनी वापरलं त्यांनी त्या देशाला, मागितल्यावर, कुठे आणि किती ते सांगावं. एवढ्यालासुद्धा नाही! बंदी राहू द्या बाजूला, पत्ता सांगायला काय जातं? जे सुरक्षितच आहे म्हणता त्याचा नकाशा लपवायचं कारण काय?

आपल्याकडे उलट परिस्थिती आहे आणि म्हणून भारताला यात बोलायला जागा आहे असं मला वाटतं. आपल्याला डीयू हा टाकाऊ माल परवडतच नाही. भाभांच्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमात वापरलेल्या इंधनातून निघालेलं डीयू हेच पुढचं भांडवल, कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडरमध्ये (नवं इंधन तयार करणाऱ्या रिॲक्टरमध्ये) गाभ्याभोवती डीयूचंच वेष्टण, त्यात यू-२३८ न्यूट्रॉन गिळून प्लुटोनियम होतं. जड पाण्याच्या नव्या रिॲक्टरच्या पहिल्या भरणीतही काही बंडल डीयूचे घालतात, आतली उष्णता एकाच जागी चढू नये म्हणून. म्हणजे आपण ते तोलून-मापून ठेवतो, आणि आमच्या त्या रिकाम्या कॅमेऱ्यालासुद्धा कागदाशिवाय गेटबाहेर सोडत नाही. जो देश हा गोळा उडवत नाही आणि धातू सांभाळून वापरतो त्याने आमसभेत हात वर करून थांबू नये, कोऑर्डिनेट्सची मागणी स्वतः पुढे होऊन करावी, कोसोवोत आणि इराकमध्ये पाणी-माती तपासायला आपले लोक पाठवावेत. ट्रॉम्बेत, म्हणजे बीएआरसीत, हे मोजू शकणारी माणसं आणि लॅब दोन्ही आहेत, आणि आमच्या बिल्डिंगमधले रिटायर्ड काकासुद्धा चहा पिता पिता, केळ्याचा मुद्दा संपल्यावर, हे कबूल करतात की सॅम्पल आणून दिलं तर आठवड्याभरात सांगतील त्यात नैसर्गिक युरेनियम किती आणि डीयू किती.